वायर दोराच्या क्लिपा: कोणत्या, किती आणि कुठल्या अंगाने

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या रानातली विहीर दोन उन्हाळ्यांत खोदली. दुसऱ्या उन्हाळ्यात तळ ४० फुटांवर गेला होता. दुपारी यारीचा, म्हणजे दोरानं माल वर ओढणाऱ्या यंत्राचा, डबा मुरमानं भरून वर येत होता आणि निम्म्यावर आला असताना एकदम चार बोटं खाली बसला. तुटलं काहीच नाही. यारीवाल्यानं ब्रेक दाबून धरला, खालची दोघं कपारीला चिकटून उभी राहिली, वडील काठावरून नुसतं "सरका, सरका" म्हणून ओरडत होते. डबा हळूहळू खाली टेकवला आणि कडीजवळचा दोर हातात घेऊन बघितला. तिथं दोराचं जे लूप केलं होतं, त्याचं मोकळं टोक क्लिपांतून चार बोटं सरकलं होतं.

क्लिपा तीन होत्या आणि तिन्ही घट्ट होत्या. पान्याला दाद देत नव्हत्या. पण दोर १२ मिलिमीटरचा आणि क्लिपा पाच सुती, म्हणजे १६ मिलिमीटरच्या. शिवाय तीनपैकी दोन उलट्या बसवलेल्या.

मी तेव्हा आयटीआयला होतो. पुढे बेळगावला उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या धंद्यात पडलो. शेडचे ताण, गेटचे दोर, होर्डिंगचे आधार, नदीवरच्या मोटरी बांधायचे दोर अशी कामं सारखी येत असतात. दुसऱ्यानं बांधलेला दोर सोडवायला घेतला की आजही त्याच दोन चुका समोर येतात: माप चुकलेलं आणि अंग उलटं. म्हणून क्लिप विकत घेण्यापासून ती कसून पुन्हा तपासण्यापर्यंतचं सगळं इथं क्रमानं लिहितोय.

आधी नावं. दुकानात कुणी बुलडॉग म्हणतं, कुणी यू क्लॅम्प, कुणी नुसतं क्लिप. वस्तू एकच. वाकवलेला, दोन्ही टोकांना आटे पाडलेला यू बोल्ट, त्यावर बसणारी खाचांची गादी आणि दोन नट. गादीला दुकानदार सॅडल म्हणतो. ही गादी कुठल्या दोरावर बसते यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून हा शब्द लक्षात ठेवा.

क्लिप लावावी असं हे काम आहे का?

दुकानात जाण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. जिथं ओढ एकाच दिशेनं आणि बऱ्यापैकी स्थिर असते, तिथं क्लिप चांगलं काम करते. पत्र्याच्या शेडचे ताण, गणपतीच्या मंडपाचे आधार, अँटेनाचा खांब, अथणीकडच्या द्राक्षबागेतल्या मांडवाच्या कडेचे ताण, पुराच्या आधी काठावर ओढून घेतलेली मोटर झाडाला किंवा खांबाला बांधायचा दोर, ही सगळी क्लिपची कामं.

माल डोक्यावरून उचलायचा असेल तर गोष्ट वेगळी. उचलायच्या स्लिंगा क्लिपा लावून घरी बनवू नयेत. त्यासाठी यंत्रावर फेरूल, म्हणजे धातूची नळी, दाबून केलेली तयार स्लिंग मिळते. तिच्यावर किती भार चालतो त्याची पट्टी लावलेली असते आणि सोबत चाचणीचा कागद येतो. क्लिपेला दर भारामागे थोडं सैल व्हायची सवय असते, आणि यारीचा किंवा क्रेनचा दोर दिवसातून शंभरदा ताणतो आणि ढिला पडतो. यारीच्या डब्याकडच्या टोकाला दाबलेलं लूप किंवा वेज सॉकेट बसवून घ्या. वेज सॉकेटमध्ये दोर एका पाचरीभोवती फिरतो आणि भार वाढेल तशी पाचर त्याला जास्त आवळते. तिथं शेपटाला, म्हणजे दोराच्या मोकळ्या टोकाला, एक क्लिप लावायची ती फक्त शेपटालाच. शेपूट आणि भाराचा दोर दोन्ही मिळून एका क्लिपेत धरले तर पाचरीचं काम क्लिपेवर येतं आणि सॉकेटचा उपयोगच संपतो.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्याकडं विहिरीचं काम सुरू असताना डब्यात उभं राहून माणसं खाली-वर जातात. ज्या दोराला क्लिपेचं लूप आहे त्याच्यावर माणूस चढू देऊ नका, अगदी "एकदाच" म्हणूनसुद्धा नाही. विहिरीला शिडी लावा.

दोर मोजायचा कसा

बेळगावच्या रविवार पेठेत अजूनही माल सुतात मागितला जातो. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून चार सूत म्हणजे १२.७ मिमी, तीन सूत साडेनऊ मिमी, पाच सूत जवळजवळ १६ मिमी. बाजारात दोर मात्र मिलिमीटरमध्ये येतो. १२ मिमीच्या दोराला चार सुती क्लिप चालते, कारण बहुतेक क्लिपा १२ ते १३ मिमी अशा पट्ट्यासाठीच केलेल्या असतात. घोळ होतो तो १४ मिमीला. चार सुती बसत नाही म्हणून माणूस पाच सुती घेतो, गादीच्या खाचा दोराला नीट धरत नाहीत, आणि नट कितीही कसले तरी ती पकड वरवरचीच राहते. १४ मिमीला साडेचार सुती क्लिप लागते. ती मागा, आणि नसेल तर मागवून घ्या. आमच्या विहिरीवरच्या पाच सुती क्लिपा बहुधा जुन्या कामावरून उरलेल्या होत्या.

मोजताना व्हर्नियर वापरा, टेप नको. दोराला बाहेरून सहा पेड असतात. व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यावर टेकले पाहिजेत. दोन पेडांच्या मधल्या सपाट जागेवर टेकले तर माप कमी येतं. म्हणून व्हर्नियर दोराभोवती हळूहळू फिरवा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. टोकाशी मोजू नका, टोक उकललेलं असतं. मीटरभर अंतर सोडून तीन ठिकाणी मोजा. नवा दोर नावाच्या मापापेक्षा किंचित जाड भरतो, त्यानं गोंधळू नका. जुना दोर नावाच्या मापापेक्षा १० टक्क्यांनी बारीक झाला असेल तर क्लिप शोधत बसू नका, दोरच बदला.

दोराचा गाभाही बघून घ्या. टोक जरा उकललं की कळतं. मधे तागाची किंवा प्लास्टिकची दोरी असते, नाहीतर पोलादी दोर. दोरीच्या गाभ्याचा दोर क्लिपेखाली जास्त दबतो, म्हणून तिथं नट पुन्हा पुन्हा कसावे लागतात. आणि प्लास्टिकचं आवरण असलेला दोर असेल तर जिथं क्लिप बसणार तेवढं आवरण सोलून काढा. क्लिप प्लास्टिकला घट्ट धरते, पोलादाला नाही, आणि भार आला की आतला दोर सापाच्या कातीतून निघावा तसा निघून येतो.

घडीव की ओतीव

बेळगावच्या माणसाला ओतकाम नवीन नाही, घरटी एक जण फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये असतो. तरीही दुकानात हा फरक कुणी विचारत नाही. क्लिपेची गादी दोन तऱ्हेनं बनते. एक घडीव, म्हणजे तापवलेल्या पोलादावर साच्यात घाव घालून केलेली. दुसरी ओतीव. ओतीव क्लिप स्वस्त, आणि हलक्या ताणाला चालते: वेलाचा मांडव, कुंपण, पडद्याचा दोर. माणसांच्या डोक्यावर काही लटकणार असेल, ओढ मोठी असेल, वाऱ्यानं हलत राहणार असेल, तर घडीवच घ्या. चार क्लिपांच्या किमतीतला फरक त्या दोरावर उभ्या असलेल्या शेडच्या मानानं काहीच नसतो.

ओळखायची कशी? घडीव गादी गुळगुळीत आणि कडांना गोलसर असते, तिच्यावर माप आणि बनवणाऱ्याची खूण उठावात असते. ओतीव गादीवर वाळूचा खरखरीतपणा दिसतो, कधी बारीक छिद्रं दिसतात, खाचा उथळ असतात. खाचांकडे मुद्दाम बघा. चांगल्या गादीच्या आतल्या खाचा तिरप्या असतात, दोराच्या पेडांच्या पिळाशी जुळणाऱ्या. पेड त्या खाचांत बसतो तेव्हाच दोर न चेपता धरला जातो. बाजारातला बहुतेक दोर उजव्या पिळाचा असतो आणि खाचाही त्यालाच जुळवलेल्या असतात. डाव्या पिळाचा दोर हातात आला तर दुकानदाराला आधी सांगा.

एकदा निपाणीजवळ एका शेडचे ताण लावताना माझ्या हातून गादी चिरली. पाना अजून नटावर होता, टक्क असा आवाज आला, आणि गादीचा कोपरा माझ्या बुटावर पडला. तुटलेल्या जागी राखाडी, जाडसर दाणे दिसत होते, साखरेचा खडा फोडल्यावर दिसतात तसे. दुकानदारानं घडीव म्हणून दिलेली क्लिप ओतीव होती, आणि मी ती घडीव क्लिपेच्या जोरानं कसली होती. त्या दिवसापासून एक नमुन्याची क्लिप व्हाइसमध्ये धरून कसून बघितल्याशिवाय मी पेटी उचलत नाही.

तिसरा एक प्रकार आहे, दोन्ही बाजूंना गादी असलेला. त्यात यू बोल्टच नसतो. दोन सारखे अर्धे भाग दोराला दोन्हीकडून धरतात. उलटी बसवायची भीती नाही आणि दोर कुठेच चेपत नाही. महाग असते आणि बहुधा मागवावी लागते, पण जिथं नवखी पोरं काम करणार आहेत किंवा दोर पुन्हा वापरायचा आहे तिथं मी तीच घेतो.

गंजाचा विचार गावाप्रमाणे करा. जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने दोर सुकतच नाही. तिथं चकचकीत दिसणारा पातळ झिंकचा मुलामा एक-दोन पावसाळ्यांत उडतो. गरम जस्तात बुडवून काढलेली, जरा मळकट करड्या रंगाची क्लिप घ्या. अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत साधा मुलामाही बरीच वर्षं टिकतो. आणि स्टेनलेस दोराला जस्ताची क्लिप लावू नका. ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की जस्त भराभर खाल्लं जातं.

आपल्याकडे बुलडॉग ग्रिपसाठी आयएस २३६१, थिंबलसाठी (लुपाच्या आत दोराला आधार द्यायला घालायची खाचेची कडी) आयएस २३१५ आणि सर्वसाधारण कामाच्या पोलादी दोरासाठी आयएस २२६६ ही प्रमाणं आहेत. बिलावर ती लिहून मागा.

किती क्लिपा, किती दोर वळवायचा

"दोन लावल्या की झालं" हे आमच्या भागातलं ठरलेलं वाक्य आहे. बारीक दोराला ते काही वेळा खरंही असतं. पण दोर जाड होत गेला की क्लिपा वाढतात आणि मागे वळवायची लांबीही वाढते. खालचे आकडे क्रॉस्बी या अमेरिकन कंपनीच्या घडीव यू बोल्ट क्लिपांचे आहेत. पहिला आकडा क्लिपांचा, दुसरा थिंबलभोवतून मागे वळवायच्या दोराचा, तिसरा नट कसायच्या जोराचा, न्यूटन मीटरमध्ये.

६ मिमी: २ क्लिपा, १२० मिमी, २०
८ मिमी: २ क्लिपा, १३५ मिमी, ४०
१० मिमी: २ क्लिपा, १६५ मिमी, ६०
१२ ते १३ मिमी: ३ क्लिपा, २९५ मिमी, ८८
१६ मिमी: ३ क्लिपा, ३०५ मिमी, १२९
१८ ते २० मिमी: ४ क्लिपा, ४६० मिमी, १७६
२२ मिमी: ४ क्लिपा, ४८० मिमी, ३०५
२५ मिमी: ५ क्लिपा, ६६० मिमी, ३०५

युरोपचं प्रमाण जास्त क्लिपा मागतं: अगदी बारीक दोरालाही ३, ८ पासून १९ मिमीपर्यंत ४, आणि २२ मिमीला ५. पण त्या क्लिपांची बांधणी वेगळी असल्यामुळे कसायचा जोर खूप कमी असतो. १२ मिमीला २० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे वरच्या तक्त्यातल्या जोराचा पाव हिस्साही नाही. म्हणून एका तक्त्यातली संख्या आणि दुसऱ्या तक्त्यातला जोर अशी मिसळ करू नका. निपाणीला माझ्याकडून नेमकं तेच झालं. पाकिटात बनवणाऱ्याचा कागद असेल तर त्यातलेच दोन्ही आकडे पाळा. कागदच नसेल, क्लिप साधी बुलडॉग असेल, तर मी युरोपच्या हिशोबानं संख्या आणि जोर धरतो, आणि ओतीव दिसली तर वर एक जास्त लावतो.

लूप थिंबलऐवजी पुली किंवा चाकाभोवतून वळवलं असेल तरी एक क्लिप जास्त.

आता भाराचा हिशोब. पोलादी गाभ्याचा, १७७० ग्रेडचा (हा तारेच्या ताकदीचा आकडा) १२ मिमी दोर तुटायला साधारण ९ टन लागतात. क्लिपांनी केलेलं लूप अगदी नीट असलं तरी दोराच्या ताकदीचे ८० टक्के देतं, म्हणजे ७.२ टन. त्याला सुरक्षिततेसाठी ५ ने भागा: १.४४ टन. कामाचा भार एवढाच. अर्धा घनमीटर ओला मुरूम ९०० किलोच्या घरात जातो, वर डब्याचं वजन, वर यारीवाल्यानं क्लच झटक्यात सोडला की बसणारा हिसका. १.४४ टन वाटतात तेवढे मोठे नाहीत. आणि हे ८० टक्के सगळं नीट असेल तर. दोराला साधी गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते, त्यामुळं क्लिप नाही म्हणून गाठ मारून वेळ भागवू नका.

बसवताना

दोर कापायचा असेल तिथं आधी दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायर घट्ट गुंडाळा, मग मधे ग्राइंडरनं कापा. नाहीतर पेड उकलतात आणि ते पुन्हा पहिल्यासारखे कधीच बसत नाहीत.

लुपात थिंबल घाला. थिंबल नसेल तर दोर कडीवर एकदम वाकतो आणि त्याच ठिकाणी तारा एकेक तुटू लागतात. थिंबलही दोराच्या मापाचंच हवं. मोठ्या थिंबलमध्ये दोर हलतो, लहान थिंबलवर तो खाचेबाहेर राहतो.

मग तक्त्यातल्या लांबीएवढा दोर मागे वळवा. आणि आता ती मुख्य गोष्ट.

लुपातून दोन दोर शेजारी शेजारी येतात. एकावर भार असतो, तो लांब जाऊन ड्रमला किंवा खांबाला पोचतो. दुसरा म्हणजे तोडलेलं शेपूट, त्यावर पुढं काही भार नाही. गादी भाराच्या दोरावर बसली पाहिजे, आणि यू बोल्टचा वाकलेला भाग शेपटावर. सगळ्या क्लिपा एकाच अंगाने. काही जण एक आड एक उलटी लावतात, दोन्हीकडून सारखी पकड येईल म्हणून. ते चूक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी एवढंच पाठ करायला लावतो: राबणाऱ्याला गादी, रिकाम्याला चिमटा.

कारण डोळ्यांनी बघता येतं. विहिरीवरच्या त्या दोराचं कापलेलं टोक वडिलांनी गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवलं होतं, ते आज माझ्या दुकानात आहे. जिथं गादी होती तिथं पेडांची गोलाई तशीच आहे, फक्त खाचांच्या फिक्या रेषा उमटल्यात. जिथं यू बोल्ट भाराच्या दोरावर आला होता तिथं दोर बोटानं दाबलेल्या कणकेसारखा चेपलाय. अंगठा फिरवला की तीन तुटक्या तारा टोचतात, आणि एक पेड निम्म्यापर्यंत सपाट झालाय. भार नेमका त्याच दोरावर होता. शेपटावर तेवढाच चेप पडला असता तर काही बिघडलं नसतं, कारण तिथं ओढ फार कमी असते.

पहिली क्लिप शेपटाच्या टोकाशी लावा, टोकापासून गादीच्या रुंदीएवढं अंतर सोडून, आणि ती आधी पूर्ण जोरानं कसा. दुसरी थिंबलच्या जितक्या जवळ जाईल तितक्या जवळ. तिचे नट फक्त हलके आवळून ठेवा. उरलेल्या क्लिपा मधे सारख्या अंतरानं, त्यांचेही नट हलकेच. दोन क्लिपांत किमान दोराच्या जाडीच्या सहापट अंतर हवं: १२ मिमीला ७२ मिमी, १६ मिमीला ९६. मग दोराला थोडी ओढ द्या, म्हणजे दोन दोरांमधला ढिलेपणा निघून जाईल, आणि सगळे नट एक याचा एक त्याचा असे आळीपाळीनं कसत जा. एकच नट आधी पूर्ण कसला तर गादी तिरकी बसते आणि दुसरा नट कितीही फिरवला तरी ती सरळ होत नाही. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. तक्त्यातले आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. तेल लावलेल्या नटावर तोच आकडा आला तरी बोल्टवर ताण जास्त पडतो आणि तो लांबतो.

टॉर्क पाना, म्हणजे कसायचा जोर आकड्यात दाखवणारा पाना, नसेल तर अंदाज असा. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर म्हणजे ६० न्यूटन मीटर, ३० किलोचा म्हणजे ८८, ४३ किलोचा म्हणजे १२९. तराजूच्या काट्याला पाना अडकवून एकदा हाताला ती सवय लावून घ्या. पान्याला पाइप घालून अंगाचा सगळा भार टाकणं हे कसणं नव्हे, त्यानं आटे जातात. पण हा अंदाज सवडीच्या कामाला. माणसांच्या डोक्यावरच्या कामाला टॉर्क पानाच हवा, भाड्यानंही मिळतो.

आमच्या कामावर निम्मी पोरं कन्नड बोलणारी आणि निम्मी मराठी. "बिगी" म्हटलं की घट्ट, "सडिल" म्हटलं की ढिलं, आणि हा सडिल आपल्या सैलच्या इतका जवळ आहे की शब्दानं कधी अडत नाही. अडतं ते दोघांनी मिळून एकच दोर कसायला घेतला की. याला वाटतं त्यानं कसला, त्याला वाटतं यानं. म्हणून एका दोराचे सगळे नट एकानेच कसायचे आणि कसून झालेल्या प्रत्येक नटावर खडूची रेघ ओढायची, असा माझ्याकडे नियम आहे.

दोन दोर जोडायचे असतील तर दोन्हींना थिंबल घालून लूप करा आणि लुपात लूप अडकवा. प्रत्येक लुपाला तक्त्यातल्या पूर्ण क्लिपा. लूप करायला जागाच नसेल आणि दोन दोर एकावर एक ठेवून जोडावे लागले, तर क्लिपा दुप्पट.

पुन्हा कसणं आणि बघत राहणं

सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं काम हेच. क्लिप लावून झाली की काम निम्मंच झालेलं असतं. दोरावर पहिला भार आला की तो ताणला जातो, ताणला की बारीक होतो, बारीक झाला की नट आपोआप ढिले पडतात. कामाचा जेवढा भार येणार आहे तेवढा एकदा देऊन भार उतरवा आणि सगळे नट पुन्हा पूर्ण जोरानं कसा. आश्चर्य वाटेल इतके फिरतात, कधी अर्धा आटा, कधी पाऊण. दुसऱ्या दिवशी परत. ताण एकसारखा राहणारा असेल तर आठवड्यानं एकदा आणि मग महिन्यानं. दोरीच्या गाभ्याचा दोर असेल तर यातलं काहीच चुकवू नका.

शेपूट जिथं शेवटच्या क्लिपेतून बाहेर येतं तिथं क्लिपेला लागून पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा, दोरावर आणि गादीवर सलग. दोर एक मिलिमीटर सरकला तरी पट्टा तुटलेला दिसतो. विहिरीवर तसा पट्टा असता तर डबा चार बोटं बसायच्या आधी सकाळीच कळलं असतं. दहा रुपयांचा रंग लागतो, पण माझ्याकडचं एकही काम त्याशिवाय जात नाही.

तपासताना सर्वांत आधी थिंबलजवळची क्लिप आणि भाराच्या बाजूची शेवटची क्लिप बघा. तारा तुटतात त्या बहुधा या दोन क्लिपांच्या तोंडाशी. हातात जाड चामड्याचा मोजा घालून दोरावरून हात फिरवा, तुटकी तार मोज्याला अडकते. उघडा हात फिरवू नका. गादीला केसासारखी चीर, यू बोल्टच्या वाकणात गंजाचा खड्डा, नट सहज फिरत नसणं, यांपैकी काहीही दिसलं तरी ती क्लिप काढा. क्लिपेखाली चेपलेला दोर तसाच ठेवून क्लिप थोडी पुढं सरकवू नका. चेपलेला भाग कापून टाका आणि लूप नव्यानं करा. आम्ही विहिरीवर त्या संध्याकाळी दोन मीटर दोर कापून टाकला. यारीवाल्याला ते जिवावर आलं होतं, आणि वडिलांनी दोराचे पैसे भरून दिले.

आपल्याकडं दोन वेळा तपासणी चुकवू नये. पहिली मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या वाऱ्यात होर्डिंग आणि शेडचे ताण हिसके खातात तेव्हा. दुसरी जूनमध्ये, नदीकाठच्या मोटरी वर घ्यायच्या आधी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं, दूधगंगेचं पाणी रात्रीत चढलं. असं पाणी आलं की नट तपासायला कुणाला सवड नसते. तेव्हा दोर, थिंबल, क्लिपा, पाना हे सगळं एका पोत्यात घालून मोटरघरातच ठेवा, पत्र्याच्या खाली, कोरड्या जागी.

काढून टाकलेली क्लिप भंगारात टाकण्याआधी तिचे आटे हातोड्यानं चेचा. नाहीतर ती भंगाराच्या ढिगातून कुणीतरी उचलतं, जरा तेल लावतं, आणि पुढच्या विहिरीवरच्या दोराला बसवतं.